वेंगुर्ल्याच्या खडकांवरील पाकोळ्या

आपल्या बऱ्हाणपुराजवळून वाहणारी तापी ज्या अरबी समुद्रास मिळते, त्याच समुद्रात खूप दक्षिणेस, वेंगुर्ल्यासमोर, ‘वेंगुर्ला रॉक्स’ ही खडकाळ बेटे आहेत. आम्हां कोकणीभाषकांस समुद्र परिचित. परंतु तेथील गुहेतील नवल फारच थोड्यांस ठाऊक असते. त्या अंधारात भारतीय पाकोळी आपल्या लाळेने पिसे, काड्या सांधून खडकास घरटे चिकटविते आणि टकटक आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. परदेशी सारासाठी ही घरटी चोरली जात. घरट्याबरोबर अंडी-पिलेही नष्ट होत. २००१ सालापासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने त्यांच्या रक्षणाचे कार्य हाती घेतले. विद्यार्थिमित्रहो, विणीच्या दिवसांत आपली नौका दूरच राहू द्यावी. आपली पाहण्याची हौस पाखरांच्या जिवावर बेतू नये.