श्रमदानापलीकडचा पाणलोट

पाणलोटाच्या कामाचे फोटो ठरलेले असतात. टिकाव-घमेली घेतलेल्या माणसांची लांब रांग, नाहीतर काठोकाठ भरलेला सिमेंट बंधारा आणि त्याच्या भिंतीवर जलपूजनाचा नारळ. फोटो खरेच असतात. पण ते बघून बघून आपल्या मनात काही समज इतके घट्ट बसले आहेत, की मन लावून केलेली कामं पाच-सात वर्षांत निकामी होतात आणि दोष पावसाच्या माथी जातो. त्यातले काही समज इथे तपासून पाहू.

‘पाणलोट विकास म्हणजे बंधारे’

पाणलोट म्हणजे जमीन. डोंगराच्या धारेवर पडलेलं पाणी उतरत उतरत ज्या एका ओढ्याला मिळतं, त्या ओढ्याच्या वरचं सगळं रान पाणलोटात येतं: वनखात्याचा डोंगर, गायरान, माळ, कोरडवाहू शेतं, वस्ती, रस्ते. बंधारा हे याचं सगळ्यात खालचं टोक. म्हणून काम ‘माथा ते पायथा’ करायचं असतं. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग घळींमध्ये दगडी बांध, मग शेतातली बांधबंदिस्ती आणि शेवटी ओढ्यावरचा माती किंवा सिमेंट नालाबांध.

हा क्रम उलटा केला तर काय होतं? १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होतं. वळवाची ४० मिलिमीटरची एक सर १०० हेक्टरच्या उघड्या डोंगरावर कोसळली, तर ४ कोटी लिटर. त्यातलं निम्मं वाहून आलं तरी २ कोटी लिटर पाणी सुटी माती घेऊन खाली येतं आणि ती माती बंधाऱ्यात बसते. अशा दोन-तीन पावसाळ्यांनंतर भिंतीआड पाण्याऐवजी गाळ साठलेला दिसतो. डोंगरावरच्या चरांचं उद्घाटन होत नाही, म्हणून ते मागे पडतात.

‘गावाची शीव तीच पाणलोटाची शीव’

बहुतेक ठिकाणी तसं नसतं. एका गावाचं पाणी दोन ओढ्यांत विभागलेलं असतं किंवा एकाच ओढ्यावर तीन गावं असतात. माथ्याची जमीन पुष्कळदा वनखात्याची असते, तिथे चर खोदायचे तर त्या खात्याला आणि संयुक्त वनव्यवस्थापन समितीला सोबत घ्यावंच लागतं. नकाशावर ओढा धरून रेघ मारल्यावर वरच्या गावाशी बोलणी करणं भाग पडतं. ती आधी केलेली बरी.

‘लोकसहभाग म्हणजे श्रमदान’

हा समज सगळ्यात जुना आणि सगळ्यात महाग पडलेला.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो हातांनी माती उपसली. पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, रस्ते झाले. त्या कामांनी माणसं जगवली आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. पण तलाव कुठे घ्यायचा, कोणाचं रान त्यात जाईल, मुरलेलं पाणी कोणाच्या विहिरीला लागेल, हे खोदणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. घाम गावाचा आणि निर्णय खात्याचा, अशी वाटणी होती. १९८३ मध्ये राज्यात सर्वंकष पाणलोट विकासाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ओढ्याचं सगळं क्षेत्र एकत्र धरून आखणी करण्याची शिस्त आली. तीही बरीचशी कार्यालयातल्या टेबलावरची.

वेगळी वाट दाखवली ती ‘इंडो-जर्मन’ पाणलोट कार्यक्रमानं. फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या कामात नाबार्ड आली, १९९३ मध्ये वॉटर ही संस्था झाली. या कार्यक्रमातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती नेट प्लॅनिंगची पद्धत. तिच्यात अख्ख्या गावाचा एकच आराखडा वरून उतरत नाही. एकेका गट नंबरात जाऊन, त्या रानाच्या मालकासमोर, मातीची खोली, उतार, धूप बघून तिथे काय करायचं ते ठरतं. आणि नवऱ्याबरोबर बायकोलाही रानात उभं करायचं, असा आग्रह असतो.

हा आग्रह शोभेचा नाही. पाणी कोणत्या कोपऱ्यात तुंबतं, कोणता बांध दरसाल फुटतो, जळण आणि वैरण कुठून आणावी लागते, हे तिला नेमकं ठाऊक असतं. शिवाय उद्या गायरानात चराई बंद झाली, तर शेळीच्या चाऱ्यासाठी मैलभर जास्त चालणार तीच. बांध घालायचा म्हणजे दोन-चार फूट रुंदीची पट्टी पिकातून जाते. उताराला आडवा बांध घातला तर शेजाऱ्याच्या हद्दीशी वाद निघतो. हे सगळं बांधावर उभं राहून बोललं गेलं आणि मग कागदावर सही झाली, तर तो बांध टिकतो. नाहीतर तिसऱ्या वर्षी नांगराच्या फाळाखाली जातो.

श्रमदानाला माझा मुळीच विरोध नाही. सगळी आळी एकत्र येऊन चर खोदते तेव्हा वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं बोलायला लागतात, त्याची किंमत मोठी आहे. पण श्रमदान ही सहभागाची सुरुवात. कुठे, काय, कोणासाठी आणि नंतर कोण बघणार, हे चार निर्णय गावानं घेतले की सहभाग पुरा झाला असं मी मानतो. कायदाही तेच म्हणतो. ७३ व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास हा पंचायतीचा विषय आहे. हनुमंतराव समितीनंतर १९९५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी गावपातळीवरच्या पाणलोट समितीच्या हाती काम दिलं. २००८ च्या सूचनांनी समितीतले निम्मे सदस्य बचत गट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि भूमिहीन यांच्यातले असावेत असं सांगितलं. दुर्दैवानं पुष्कळ गावांत ही समिती ठरावाच्या वहीतच राहते आणि तिच्या सह्या घरोघर फिरवून गोळा केल्या जातात.

‘गावाला काय कळतं’ आणि ‘गावालाच सगळं कळतं’

दोन्ही चूक. कोणत्या विहिरीला मे महिन्यातही पाझर असतो, जुन्या काळी ओढा कुठून वाहायचा, कोणत्या रानात कुदळ दोन हातांवर कातळाला लागते, हे कोणत्याही इंजिनिअरपेक्षा शिवारात वाढलेल्या माणसाला जास्त माहीत असतं. पण जमिनीखालचं सगळं त्यालाही दिसत नाही. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. यात पाणी मातीत, मुरमात, फुटलेल्या थरात आणि भेगांत राहतं, सलग कातळात ते शिरत नाही. म्हणून शंभर फुटांवर एक विहीर भरलेली आणि दुसरी कोरडी, असं होतं.

नाला खोलीकरणात हा अडाणीपणा भोवतो. जेसीबी मिळतो, काम झटपट दिसतं आणि मग ओढा खोदत खोदत पाणी धरून ठेवणारा मुरमाचा थरच उघडा पडतो. आजूबाजूच्या विहिरींत सावकाश उतरणारं पाणी ओढ्यात पाझरून येतं आणि उन्हात उडून जातं किंवा वाहून जातं. वर्षभर पुरणारी शिदोरी चार महिन्यांत संपते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा भूवैज्ञानिक शिवारफेरीत हवा तो यासाठी. त्यानं थर दाखवायचा आणि जागा गावासोबत ठरवायची.

‘पाणी अडवलं की टंचाई संपली’

हिशेब मांडून पाहू. १ हजार हेक्टरचं गाव, ४५० मिलिमीटर पाऊस. एकूण पाणी ४५० कोटी लिटर. आकडा ऐकून वाटतं, समुद्रच आहे. पण यातलं बरंचसं पिकं आणि ऊन घेऊन जातात, काही वाहून जातं. बेसाल्टमध्ये विहिरींपर्यंत पोचणारं पाणी ढोबळ अंदाजानं दहा टक्क्यांच्या आत-बाहेर, म्हणजे ४५ कोटी लिटर. गावात २ हजार माणसं असतील, तर दर माणशी रोज ५५ लिटरनं वर्षाला ४ कोटी लिटर घरगुती वापराला लागतात.

आता ऊस. त्याला साधारण २ हजार मिलिमीटर पाणी लागतं. पावसाचे ४५० वजा केले तरी हेक्टरी दीड कोटी लिटरहून जास्त पाणी विहिरीतून उपसावं लागतं. म्हणजे साडेसहा एकर ऊस गावाच्या वर्षभराच्या पिण्या-वापरण्याइतकं पाणी घेतो. पाणी मुरलं की पहिल्याच वर्षी विहिरी फुगतात, दुसऱ्या वर्षी बोअरच्या गाड्या गावात येतात, तिसऱ्या वर्षी ऊस किंवा फळबाग येते आणि पाचव्या वर्षी पुन्हा टँकर. मुरवलं सगळ्या गावानं आणि उपसलं ज्याच्याकडे खोल बोअर त्यानं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचंही काही ठिकाणी असंच झालं आहे. पावसाळ्यात विहिरीतून उपसून तळं भरायचं म्हणजे सामायिक पाणी एकाच्या रानात उघड्यावर ठेवायचं, आणि उन्हाळ्यात त्यातलं किती उडून जातं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी त्याचं, अशी आपली समजूत आहे. ओढ्याकाठच्या विहिरीतलं पाणी डोंगरावरून आलेलं असतं, हे त्या समजुतीत बसत नाही.

हिवरे बाजारनं हा गुंता सोडवला तो नियमांनी. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. गावात पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास. शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही आणि पाऊस मोजून दरसाल पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा. पाऊस कमी झाला की रब्बीचं क्षेत्र आणि पिकं त्या बेतानं ठरतात. चरांइतकंच श्रेय मी या ताळेबंदाला देईन.

‘फायदा सगळ्यांना सारखाच’

हा समज बोलून दाखवला जात नाही, पण सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात माथ्यावरचा शेतकरी चरांसाठी जागा देतो आणि पाणी खालच्याच्या विहिरीला लागतं. भूमिहीन कुटुंब श्रमदानाला सगळ्यात आधी येतं आणि त्याच्याकडे ना विहीर ना रान. चराईबंदीचा फटका दोन-चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला आणि मेंढपाळांना बसतो.

उपायही याच मातीत झाले आहेत. गायरान एकदम बंद करण्याऐवजी तुकड्या-तुकड्यानं बंद करायचं, गवत विळ्यानं कापून नेण्याची मुभा द्यायची, मजुरीच्या कामात भूमिहीनांना पहिला हक्क द्यायचा. आणि सगळ्यात धीट उपाय पुरंदर तालुक्यातल्या नायगावचा. १९७२ चा दुष्काळ पाहून विलासराव साळुंखे तिथे गेले, देवस्थानची ४० एकर जमीन पट्ट्यानं घेऊन काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या मापात वाटायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापात वाटायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा, ऊस कोणालाच नाही. पन्नास वर्षांनंतरही यापुढे जाणारा विचार माझ्या तरी वाचनात आलेला नाही.

‘योजना संपली, काम संपलं’

योजनेचा निधी संपतो तेव्हा गावाचं काम सुरू होतं. चरातला गाळ काढणं, खचलेला दगडी बांध रचणं, सांडव्याची डागडुजी ही दर उन्हाळ्याची कामं आहेत. त्यांना फार पैसा लागत नाही, पण देखभालीचा निधी वेगळा ठेवलेला हवा आणि तो कोण खर्च करणार हे ठरलेलं हवं.

त्यासाठी ‘आमच्याकडे पोपटराव नाहीत’ म्हणून थांबायची गरज नाही. पर्जन्यमापक शाळेच्या आवारात बसतो. दर पंधरवड्याला दहा-बारा विहिरींत दोरी सोडून पातळी मोजणं आठवी-नववीची मुलं करू शकतात. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. तोवर पाऊस बहुतेक पडून गेलेला असतो आणि रब्बीची पेरणी पुरती ठरलेली नसते. त्या दिवशी बाकीच्या विषयांआधी पाऊस किती झाला, विहिरी कुठवर आल्या आणि उन्हाळ्यासाठी पिण्याचं पाणी किती राखायचं, एवढे तीन आकडे फळ्यावर लिहावेत, आणि हरभरा किती, गहू किती यावरची चर्चा त्या फळ्यासमोर व्हावी.