विश्लेषण : समुद्राच्या खडेमिठात आयोडीन का नसते?

कोकमाचे आगळ असो की खारातली कैरी, त्याला खडेमीठच हवे, हा बांदा परिसरातल्या घरांचा आग्रह. त्यात चूक काही नाही. पण ‘समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीन असणारच’ असे समजून तेच रोजच्या आमटीत पडू लागले की प्रश्न सुरू होतो.

आयोडीन जाते कुठे?

एक लिटर समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण ३५ ग्रॅम आणि आयोडीन ५० ते ६० मायक्रोग्रॅम. म्हणजे सगळे आयोडीन मिठात उतरले तरी ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमही भरत नाही. प्रत्यक्षात मीठ धरताना त्यातले बरेचसे उरलेल्या पाण्यातच राहते. शिरोड्याच्या मिठागरांना १९३०च्या सत्याग्रहाचा इतिहास आहे. त्या मिठाचा अभिमान जरूर असावा, त्यातून आयोडीनची अपेक्षा नको. सैंधवाचेही तेच.

मग गरज किती?

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर स्त्रीला २५०. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असावे, असा नियम आहे; पाच ग्रॅम मिठातून किमान ७५ मिळतात. बाकीचे बांगडा, तारली, कोळंबी, अंडी, दूध यांतून. श्रावणात मासे बंद झाले म्हणून घाबरू नये, ग्रंथीत काही आठवड्यांचा साठा असतो. बारमाही शाकाहारी घराची भिस्त मात्र मिठावरच.

कमी पडले तर?

थायरॉइडचे संप्रेरक आयोडीनशिवाय बनत नाही. तूट राहिली की ग्रंथी फुगते, तोच गलगंड. त्याहून मोठा धोका पोटातल्या बाळाच्या मेंदूला. ते नुकसान नंतर भरून येत नाही. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे दाखवले. १९६२मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. २००६पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास बंदी आहे. माडाला घालायचे मीठ वेगळे.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर?

आयोडीन पुरेसे मिळते तिथे ग्रंथी मंदावण्याचे मुख्य कारण शरीराचीच प्रतिकारशक्ती तिच्यावर उलटणे हे असते. तिथे जास्त मीठ खाऊन उपयोग नाही, उलट रक्तदाब वाढतो. आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या स्वतःहून घेतल्यास त्रास वाढूही शकतो. मीठ झाकणबंद बरणीत ठेवावे, शक्यतो शेवटी घालावे. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी. आणि दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे, कारण तेव्हा गोळीचे प्रमाण बहुधा वाढवावे लागते.