दोन होतकरू सलामीवीर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक गृहस्थ आमच्याकडे आले. मुलगा आठव्या इयत्तेंत; क्रिकेटचा मोठा षोकी; आणि मारुंजीच्या माळावर रविवारीं होणाऱ्या सामन्यांत त्याच्या टोल्यांनीं किती तरी चेंडू शेजारच्या भातखाचरांत हरवलेले. "गुरुजी, मुलाच्या अंगांत गुण आहे असें सगळे म्हणतात. एक वर्ष शाळा बाजूस ठेवून त्यास खेळांतच घातलें तर कसें?" हा त्यांचा प्रश्न. आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. अंगांत आज किती गुण आहे, आणि त्याचें पुढें काय होईल, ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. परंतु बोलतांना आपण त्या एकच समजतों. हा भेद उलगडावा म्हणून आपल्याच प्रांतांतील दोन तरुण सलामीवीरांची तुलना येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. एक पृथ्वी शॉ व दुसरा ऋतुराज गायकवाड. दोघांचीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ आहेत. दोघांचा प्रवास मात्र थोड्यांनींच नीट पाहिला असेल.

प्रथम पृथ्वीचें पाहूं. त्याचा जन्म ९ नोव्हेंबर १९९९ चा. पाठीवर सामानाची थैली घेऊन विरारहून लोकलगाडीनें वांद्र्याकडे खेळावयास जाणारा हा मुलगा अंगानें लहानखुरा होता. नोव्हेंबर २०१३ मध्यें हॅरिस शील्डच्या सामन्यांत रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून खेळतांना त्यानें ३३० चेंडूंत ५४६ धावा काढिल्या; त्यांत ८५ चौकार व ५ षटकार होते. त्या वेळीं त्याचें वय अवघें चौदा वर्षांचें! समोर सेंट फ्रान्सिस द'असिसी ही शाळा होती. १९८८ च्या फेब्रुवारींत ह्याच हॅरिस शील्डमध्यें शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी ह्या जोडीनें ६६४ धावांची अभंग भागी केली, तेव्हां समोर सेंट झेवियर्स होती. संतांच्या नांवाच्या शाळांच्या वांट्यास असल्या प्रसंगीं चेंडू आणून देण्याचें काम बहुधा येतें, आणि त्या शाळांतील मुलांविषयीं आम्हांस मनापासून सहानुभूति वाटते.

असो. अशा धावसंख्येवरून काय समजावें? डोळा तीक्ष्ण आहे, हात चपळ आहेत, आणि शंभर झाल्यावर समाधान मानून परत फिरण्याचा स्वभाव नाहीं, एवढें निश्चित समजतें. परंतु एक गोष्ट मुळींच समजत नाहीं. गोलंदाजाच्या हातून सुटलेल्या चेंडूस फलंदाजापर्यंत सुमारें अठरा मीटर अंतर तोडावें लागतें. शाळेच्या सामन्यांत ताशीं शंभर किलोमीटर वेगाचा गोलंदाज भेटला तरी तो वेगवान् गणला जातो. त्याचा चेंडू पोंचण्यास सेकंदाचे सहा दशांशांहून किंचित् अधिक लागतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ताशीं एकशें पंचेचाळीस किलोमीटर वेगाचे गोलंदाज असतात. तेथें साडेचार दशांशहि मिळत नाहींत. शाळेच्या मैदानावर फलंदाजाची बॅट थोडी वांकडी खालीं आली, पाय जागचा हलला नाहीं, तरी हाताच्या चपळाईनें ती चूक झांकली जाते, कारण झांकण्यास वेळ असतो. मोठ्या मैदानावर तो वेळ नसतो. म्हणजे ज्या दोषाची किंमत चौदाव्या वर्षीं शून्य, त्याचीच किंमत विसाव्या वर्षीं फार मोठी होते. आणि हुशार मुलाचा दोष तर अधिकच दीर्घकाळ लपून राहतो.

सचिन-विनोदांच्या त्या भागींत विनोदच्या धावा ३४९ होत्या व सचिनच्या ३२६. त्या दिवशींचें धावपत्रक हातीं घेऊन कोणी भविष्य सांगूं गेला असता, तर त्यानें कोणास वरचढ ठरविलें असतें? विनोद कांबळीनें पुढें १९९३ सालीं लागोपाठच्या दोन कसोट्यांत द्विशतकें काढिलीं. त्याची कसोटींतील सरासरी चोपन्नांच्या वर राहिली. परंतु सतरा कसोट्यांनंतर, १९९५ मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षींच त्याचा कसोटीचा अध्याय मिटला. सचिन दोनशें कसोटी सामने खेळून २०१३ मध्यें निवृत्त झाला. दुसरेंहि एक उदाहरण आपल्या पुण्याचें आहे. डिसेंबर १९४८ मध्यें काठेवाडाविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर यांनीं महाराष्ट्रातर्फे नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर आला असतां प्रतिपक्षानें पुढें खेळण्यास नकार दिला, आणि डाव तेथेंच राहिला. रणजी स्पर्धेंतील ती आजहि सर्वांत मोठी धावसंख्या होय. तरीहि निंबाळकरांस भारताकडून एकहि कसोटी खेळावयास मिळाली नाहीं. गुण, संधि व काळ ह्या तिन्ही गोष्टी एकाच ओळींत याव्या लागतात.

पृथ्वीच्या बाबतींत त्या लवकर आल्या. जानेवारी २०१७ मध्यें राजकोट येथें रणजीच्या उपांत्य सामन्यांत तो प्रथमच मुंबईकडून उतरला आणि दुसऱ्या डावांत १२० धावा करून आला. फेब्रुवारी २०१८ मध्यें त्याच्या नेतृत्वाखालीं एकोणीस वर्षांखालील मुलांच्या संघानें न्यूझीलंडमध्यें विश्वचषक जिंकिला. त्याच वर्षीं ४ ऑक्टोबर रोजीं, पुन्हां राजकोटच्याच मैदानावर, वेस्ट इंडीजविरुद्ध आपल्या पहिल्याच कसोटींत त्यानें १३४ धावा काढिल्या. सचिननंतर इतक्या लहान वयांत कसोटी शतक करणारा भारतीय तोच. मालिकेचा उत्कृष्ट खेळाडू म्हणूनहि त्याचीच निवड झाली.

ह्या वेळीं ऋतुराज कोठें होता? तो पृथ्वीहून जवळजवळ तीन वर्षांनीं मोठा; जन्म ३१ जानेवारी १९९७ चा. मारुंजीहून फार दूर नसलेल्या थेरगांव येथील दिलीप वेंगसरकर यांच्या अकादमींत तो लहानपणापासून घडला. हिंजवडीच्या वाटेवरून जातांना आमच्यांतील अनेकांनीं तें मैदान पाहिलें असेल. ऑक्टोबर २०१६ मध्यें महाराष्ट्राकडून पहिला रणजी सामना खेळतांना त्याच्या बोटास दुखापत झाली, आणि आरंभच अडखळला. पृथ्वी कसोटी शतक काढीत होता तेव्हां पुण्याबाहेर ऋतुराजचें नांव थोड्यांसच ठाऊक होतें. २०२० मध्यें चेन्नई संघाकडून खेळण्यास तो दुबईकडे गेला, तों करोनाच्या रोगानें त्यास गांठलें. बरा होऊन मैदानावर आल्यावर पहिल्या तीन डावांत त्याच्या धावा ०, ५ व ० अशा झाल्या. ज्या मुलास पहिल्या पावलापासून वाहवा मिळत आलेली असते, त्याचें मन अशा वेळीं काय करील कोण जाणे! ऋतुराजास तशी वाहवा मिळालेली नव्हती. त्यानें पुढील तीन डावांत नाबाद ६५, ७२ व नाबाद ६२ धावा केल्या, आणि पुढल्या वर्षीं त्याच स्पर्धेंत ६३५ धावा काढून तो सर्वांत पुढें राहिला. २०२१ च्या डिसेंबरांत विजय हजारे चषकाच्या पांच सामन्यांत त्यानें चार शतकें ठोकलीं.

येथें एक योगायोग नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. जुलै २०२१ मध्यें कोलंबो येथें भारतीय संघ श्रीलंकेशीं खेळत होता. २५ तारखेस पृथ्वी आपला पहिला आंतरराष्ट्रीय वीस षट्कांचा सामना खेळला आणि पहिल्याच चेंडूवर बाद झाला. २८ तारखेस ऋतुराज भारताकडून प्रथमच मैदानांत उतरला. त्यानंतर २०२५ सालाच्या अखेरपर्यंत पृथ्वी भारताकडून पुन्हां खेळला नाहीं. एकाच दौऱ्यावर, तीन दिवसांच्या अंतरानें, एकाची वाट थांबली व दुसऱ्याची सुरू झाली.

ती थांबण्याचीं कारणें निरनिराळीं आहेत व त्यांची सरमिसळ करूं नये. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर सिडनी येथें झेल घेण्याच्या प्रयत्नांत त्याचा घोटा दुखावला व तो दौरा हुकला. हें केवळ दैव. २०१९ मध्यें खोकल्याच्या औषधांतून निषिद्ध द्रव्य पोटांत गेल्यामुळें आठ महिन्यांची बंदी आली. हा निष्काळजीपणा, आणि पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावा असा. औषधाच्या बाटलीवरील मजकूर वाचणें हेंहि आतां खेळाडूच्या अभ्यासक्रमांत आलें आहे. तिसरें कारण तंत्राचें. डिसेंबर २०२० मध्यें ॲडलेड येथें पृथ्वी दोन्ही डावांत त्रिफळाचीत झाला: पहिल्यांत स्टार्कच्या चेंडूवर शून्यावर, दुसऱ्यांत कमिन्सच्या चेंडूवर चारांवर. चेंडू बॅट व पॅड यांच्या मधल्या फटींतून गेले. मागें नेतांना त्याची बॅट गलीच्या दिशेस बाहेर जाते, हें जाणत्यांनीं आधींच हेरलें होतें. शाळेंत ज्याची किंमत शून्य होती असें आम्हीं वर म्हटलें, तोच हा दोष. पांच कसोट्यांत ३३९ धावा एवढ्यावर त्याची कसोटीची जमा अडून राहिली.

आमच्या वर्गांत ही हकिकत सांगितली तेव्हां एका विद्यार्थ्यानें लगेच ससा व कासव यांची गोष्ट काढिली. ती येथें लागू पडत नाहीं. ससा निजला होता. पृथ्वी निजला नव्हता. २०२१ सालीं विजय हजारे चषकांत त्यानें एका मोसमांत ८२७ धावांचा त्या काळचा विक्रम केला. २०२३ च्या जानेवारींत गुवाहाटी येथें आसामविरुद्ध ३७९ धावा काढून तो रणजींत निंबाळकरांच्या खालोखाल जाऊन बसला. आणि ऋतुराज तरी कासव कोठला? नोव्हेंबर २०२२ मध्यें अहमदाबाद येथें उत्तर प्रदेशाविरुद्ध त्यानें एकाच षट्कांत सात षटकार मारिले. षट्कांत सात कसे, असें लहान मुलें विचारतील. एक चेंडू गोलंदाजानें नियमबाह्य टाकला, म्हणून एक अधिक मिळाला, व त्या षट्काच्या एकंदर धावा ४३ झाल्या.

आमचें मत विचाराल तर असें आहे. निव्वळ हाताच्या देणगींत पृथ्वी श्रेष्ठ. त्याच्यासारखा चेंडू फटकावणारा आपल्या प्रांतांत ह्या पिढींत दुसरा झाला नाहीं. ऋतुराजचें डोकें स्थिर असतें, चेंडू तो उशिरां खेळतो, आणि आरंभींच्या धडपडीनें त्याचा तोल ढळत नाहीं. तेव्हां टिकण्याची शक्ति त्याच्याजवळ अधिक. परंतु हें मत आज, निकाल पाहून, आम्ही देत आहों. २०१८ सालीं कोणी विचारलें असतें तर आम्हीहि बेधडक पृथ्वीचेंच नांव घेतलें असतें. शिवाय कसोटी शतक आजवर दोघांत एकट्या पृथ्वीच्याच नांवावर आहे. २०२५ संपेपर्यंत ऋतुराजास कसोटी खेळावयास मिळाली नव्हती. एकदिवसीय सामन्यांत मात्र डिसेंबर २०२५ मध्यें रायपूर येथें दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यानें १०५ धावा केल्या.

२०२४ च्या ऑक्टोबरांत मुंबईनें पृथ्वीस रणजी संघांतून वगळलें; पुढल्याच महिन्यांत आयपीएलच्या लिलावांत त्यास कोणीहि घेतलें नाहीं. २०२५ मध्यें तो मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघांत आला, आणि हे दोघे एकाच ड्रेसिंग रूममध्यें बसूं लागले. ऑक्टोबरांत केरळाविरुद्धच्या पहिल्या डावांत पृथ्वी शून्यावर बाद झाला. पांच गडी अवघ्या अठरा धावांत गेले असतां ऋतुराजनें ९१ धावा करून संघ सांवरला. दुसऱ्या डावांत पृथ्वीच्या ७५ व ऋतुराजच्या नाबाद ५५ झाल्या. त्यापुढील सामना चंदीगडविरुद्ध होता. ऋतुराजनें पहिल्या डावांत ११६ धावा केल्या. पृथ्वीनें दुसऱ्या डावांत १५६ चेंडूंत २२२ धावा कुटल्या. सामना महाराष्ट्रानें जिंकिला. सामन्यांतील उत्कृष्ट खेळाडू म्हणून ऋतुराजचें नांव पुकारण्यांत आलें, तेव्हां त्यानें पृथ्वीस बरोबर घेऊन तें पारितोषिक दोघांत वांटून घेतलें.