बर्फाखालची बाळंतीण

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर ध्रुवीय अस्वलाची मादी बर्फाच्या ढिगात गुहा खोदते आणि ऐन हिवाळ्यात विते. पिल्लू जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं, अंगावर नुसती लव. नेमकी याच दिवसांत तेलकंपन्यांची अवजड वाहनं तिथून फिरतात. मग गुहा शोधायची कशी? आईच्या अंगची ऊब छतातून झिरपते, वरचा बर्फ किंचित गरम होतो. विमानावरचा किंवा ड्रोनवरचा उष्णता टिपणारा कॅमेरा ती ऊब ठिपक्यासारखी दाखवतो. सापडलेल्या गुहेपासून १.६ किलोमीटर लांब राहायचा नियम आहे. पण छत जाड असलं, वारा सुटला, की कॅमेरा फसतो. विमानातून केलेल्या अशा पाहण्यांत निम्म्याहून कमी गुहा सापडल्याचं २०२० साली एका अभ्यासात दिसलं. तेव्हा कॅमेऱ्यात ठिपका नाही म्हणून खाली कुणी नाही असं धरून गाडी हाकणं धोक्याचंच.