सॉफ्टवेअर रेडिओचा पहिला पाठ : माहीत असलेला संकेत

बिनतारी, म्हणजे उर्दूतील लासिल्की, ग्राहकयंत्रात हवे ते केंद्र निवडणे व त्यातून आवाज वेगळा काढणे ही कामे पूर्वी वेटोळी, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर करीत. सॉफ्टवेअर-परिभाषित रेडिओत ॲन्टेनाकडून आलेल्या संकेताचे लवकरच अंकांत रूपांतर होते व पुढचे काम संगणक करतो. दूरचित्रवाणी पाहण्यासाठी निघालेली, आरटीएल२८३२यू चिपची स्वस्त यूएसबी उपकरणे या कामी वापरता येतात हे २०१२ मध्ये सर्वज्ञात झाले आणि विषय सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्यात आला.

उपकरण जोडताच विद्यार्थी एफ.एम. केंद्र ऐकू लागतात. मौज वाटते, पण पडद्यावरील कोणती रेघ बाहेरून आली आणि कोणती उपकरणाच्या पोटातली आहे, हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा संकेताने आरंभ करणे योग्य.

प्रयोगशाळेतील आर.एफ. सिग्नल जनरेटर १०० मेगाहर्ट्झवर लावावा आणि त्याचा अगदी क्षीण संकेत ॲटेन्युएटरमधून केबलने थेट उपकरणाला द्यावा. जनरेटरला ॲन्टेना जोडू नये; परवान्याविना हवेत प्रक्षेपण करता येत नाही. समजा, रेघ ४ किलोहर्ट्झ बाजूला दिसली. जनरेटर अचूक असेल तर ही चूक उपकरणातील स्फटिकाची, दशलक्षात ४० भाग इतकी. ४०० मेगाहर्ट्झवर तीच १६ किलोहर्ट्झ होईल. उपकरण तापले की रेघ आणखी थोडी सरकते, म्हणून मोजणीपूर्वी काही वेळ ते चालू ठेवावे.

आता १ किलोहर्ट्झच्या स्वराने ५० टक्के ए.एम. द्यावे. गणिताप्रमाणे मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंस, १२ डेसिबल खाली, एकेक रेघ हवी. ती पुष्कळदा दिसतच नाही, आणि खरा पाठ येथे आहे. सेकंदाला २०,४८,००० नमुने घेऊन २,०४८ बिंदूंचे फूरिए रूपांतर केले, तर एका घराची रुंदी १,००० हर्ट्झ होते. तिन्ही रेघा एकमेकींत मिसळतात. बिंदू ६५,५३६ केले की घर ३१.२५ हर्ट्झचे होते आणि रेघा सुट्या होतात. त्यासाठी ३२ मिलिसेकंदांचे नमुने लागतात. बारकाईची किंमत वेळेत मोजावी लागते, हे सूत्र फळ्यावर लिहून जितके पटत नाही तितके येथे पटते.

केबल काढल्यावरही एखादी रेघ राहिली, तर बहुधा ती उपकरणाचीच. या उपकरणांत सहसा २८.८ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो, ५७.६, ८६.४ व ११५.२ मेगाहर्ट्झवर त्याच्या खुणा शोधाव्यात.

जनरेटर नसेल तेथे स्टिरिओ एफ.एम. केंद्राचा १९ किलोहर्ट्झचा पायलट स्वर कामी येतो. एफ.एम. उलगडल्यावर तो स्थिर रेघेसारखा दिसतो. ट्यूनिंग थोडे चुकले तरी ही रेघ हलत नाही. नमुने घेणाऱ्या घड्याळाची चूक तेवढी तिच्यात उतरते, आणि दशलक्षात ४० भागांनी ती एक हर्ट्झसुद्धा भरत नाही.