घरातच राहिलेली पत्रे

गेल्या वर्षी एकोणीस दिवस माझी पत्रे घराबाहेर पडली नाहीत आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. लोकांची पत्रे मात्र रोज येत होती. शेवटी न्यूझीलंडमधील एका वयोवृद्ध स्नेह्यांनी विचारले, "आपण रागावलात काय? तीन पत्रांना उत्तर नाही." तिन्ही उत्तरे मी त्या त्या दिवशीच लिहिली होती. त्यांच्या प्रश्नाने मी फार ओशाळलो.

ही पत्रे टपालाची नव्हेत आणि ई-मेलचीही नव्हेत. काही हौशी मंडळी घरच्या संगणकावर 'बुलेटिन बोर्ड' चालवतात. 1984 साली अमेरिकेत टॉम जेनिंग्ज यांनी असे बोर्ड एकमेकांस जोडणारे 'फिडोनेट' सुरू केले. रात्री टेलिफोनचे दर उतरले, की एक संगणक दुसऱ्याला फोन करी आणि पत्रांची थैली देऊन-घेऊन मोकळा होई. आता फोनची जागा इंटरनेटने घेतली; थैलीची पद्धत मात्र तीच राहिली. माझा लहानसा बोर्ड त्याच धर्तीच्या एका जाळ्यात आहे.

पत्र गेले नाही, की आपण पहिला संशय तारेवर घेतो. मीही घेतला आणि दोन संध्याकाळी फुकट घालवल्या. वास्तविक पत्र तीन हातांतून जाते. बोर्डावर ते लिहिले जाते. मग 'टॉसर' नावाचा प्रोग्राम पत्रे निवडून, थैल्या बांधून 'आउटबाउंड' फोल्डरात ठेवतो. तिथून 'मेलर' ती उचलून पलीकडे पोचवतो. गंमत अशी, की टॉसर आणि मेलर एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. एकाने ठेवायचे, दुसऱ्याने उचलायचे. दोघांमध्ये दुवा एवढाच, फाइलचे नाव आणि तिची जागा.

तेव्हा आधी मेलरची रोजनिशी, म्हणजे लॉग, वाचावी. माझ्या लॉगमध्ये जोडणी झाली होती, पासवर्ड मान्य झाला होता, आलेली पत्रे नोंदली होती, पाठवलेली शून्य. पासवर्ड चुकता तर पलीकडच्याने दारातूनच परत पाठवले असते. म्हणजे तार निर्दोष, पासवर्डही निर्दोष. मग आउटबाउंड उघडून पाहिले, तर ते थैल्यांनी भरलेले! फाइलवर 'होल्ड'ची खूण असेल, तर मेलर तिच्यासाठी आपणहून जोडणी करीत नाही. पण तशी खूणही नव्हती.

आमच्या स्टाफरूममध्ये गणिताचे एक सर आहेत. ते या अंकाच्या कन्नड विभागात लिहितात. त्यांना मी फाइलचे नाव दाखवले : 00010064. ते म्हणाले, "हे 64 कसले? तुम्ही तर केंद्राचा क्रमांक 100 म्हणाला होता." मी ऐटीत सांगितले, की ही नावे सोळाच्या पायावरची; सोळा सक्क शहाण्णव आणि वर चार, म्हणून 100 चे 64. "मग फोल्डरच्या नावात तुम्ही दहाचा पाया का घेतलात?" एवढेच त्यांनी विचारले.

झाले होते ते असे. आपल्या मुख्य विभागाखेरीज इतर विभागांच्या पत्रांना वेगळे फोल्डर लागते आणि त्याच्या नावापुढे विभागाचा क्रमांक तीन अंकी येतो, तोही सोळाच्या पायावर. आमच्या जाळ्याचा विभाग 21. त्यात सोळा एकदा जातो, उरतात पाच. म्हणून फोल्डर हवे 'आउटबाउंड.015'. मी हाताने 'आउटबाउंड.021' केले आणि टॉसरला तेच दाखवून दिले. मेलरच्या हिशेबी 021 म्हणजे विभाग 33, आणि त्या विभागात आमचे कोणीच नाही. तो रोज 015 मध्ये डोकावे आणि रिकाम्या हाताने निघे. आलेली पत्रे निराळ्या फोल्डरात उतरतात, त्यामुळे तिकडे काही बिघडले नाही.

टॉसरमधला पत्ता सुधारला, सगळ्या फाइली 015 मध्ये हलवल्या. खाजगी पत्रे त्या मिनिटाला गेली. सामायिक चर्चेच्या थैल्या मात्र हलेनात. त्यांच्यासाठी मेलर आधी एक यादी वाचतो. त्या यादीत प्रत्येक थैलीचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, आणि तो अजून 021 चाच होता. साध्या एडिटरने यादी उघडून सात ओळी दुरुस्त केल्या. रात्री साडेअकराला शेवटची थैली गेली. स्नेह्यांना मी वेगळे पत्र लिहून सारी हकीकत कळवली आणि ते गेल्याचे या वेळी लॉगमध्ये पाहूनच दिवा मालवला.