करग पाहायला जाताना

चैत्र पौर्णिमेच्या रात्री बंगळुरूच्या जुन्या पेठा झोपत नाहीत. त्या रात्री तिगळ समाजाचा ‘करग’ निघतो. धर्मराय स्वामी मंदिरातून मध्यरात्रीनंतर स्त्रीवेषातला पुजारी बाहेर येतो. गळ्यात पत्नीचं मंगळसूत्र, डोक्यावर मोगऱ्याच्या कळ्यांनी मढवलेला उंच करग. करग म्हणजे साक्षात द्रौपदी! त्याला हाताचा आधार द्यायचा नाही आणि तो पडूही द्यायचा नाही. भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार ‘गोविंदा, गोविंदा’चा गजर करतात. वाटेत करग हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यात थांबतो, मगच पुढे जातो.

परगावच्या पाहुण्यांना इथे कुणी अडवत नाही. मात्र हा तमाशा नव्हे, व्रत आहे. मोगरा जरूर उधळावा. फोटोसाठी वाटेत आडवं येऊ नये.